रजिस्टरचा भाग ‘ब’

मेळाव्याच्या संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा लेखाचा विषयही त्यांनीच ठरवून टाकला होता. ‘तू या वयात डेंटलला अर्ज कसा केलास ते लिही, मुलांना प्रेरणा मिळेल.’ प्रेरणा म्हटलं की मला आपल्या व्हरांड्यातला सुविचाराचा फळा आठवतो. रोज पुसायचा, रोज नवा लिहायचा, आणि मधल्या सुट्टीत त्याच्यावर खडूचे तुकडे मारायचे. म्हणून मी सांगितलं, प्रेरणेचं मला जमणार नाही, इतिहासाचं लिहिते. आपल्या इतिहासाच्या सरांना सनावळ्यांपेक्षा कागदपत्रांचं वेड होतं, हे आपल्या वेळच्या सगळ्यांना आठवत असेल. एकदा त्यांनी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर वर्गात आणून दाखवलं होतं आणि तीन प्रश्न विचारले होते. या ओळी कोणी लिहिल्या, कशासाठी लिहिल्या आणि यात कोणाचं नाव नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आलं नव्हतं. गेली तीन वर्षं अर्ज, दाखले आणि प्रतिज्ञापत्रं यांच्यामागे फिरताना तो प्रश्न माझ्या डोक्यात होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी १९९७ च्या दहावीची, ‘ब’ तुकडी. बारावी सायन्स १९९९. डेंटलला मार्क कमी पडले, घरात पुन्हा बसायची परवानगी नव्हती आणि पैसेही नव्हते. मुंबईला सरकारी कॉलेजात डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि २००१ पासून सांगलीत लॅबमध्ये कामाला लागले. पुढे स्वतःची लॅब काढली. आमचं काम काय ते थोडक्यात असं: दात गेलेल्या माणसाच्या जबड्याचं माप डॉक्टर घेतात. त्या मापात प्लास्टर ओतलं की जबड्याची प्रतिकृती तयार होते. तिच्यावर मेण बसवून त्यात दात रचायचे. डॉक्टर ते पेशंटच्या तोंडात लावून बघतात. परत आलं की मेण वितळवून त्या जागी ॲक्रिलिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, पॉलिश करायचं. झाली कवळी. तेवीस वर्षांत हजारो जबडे माझ्या हाताखालून गेले. त्यांतला एकही चेहरा मी ओळखत नाही. सकाळी डबा यायचा, त्याच्यावर आडनाव, वय आणि दाताची शेड. संध्याकाळी डबा जायचा. लग्नाच्या पंगतीत कोणी मोकळेपणी हसलं की मी आधी दात बघते, माझ्या हातचे असतील का म्हणून.

या कामाची गोडी मला लागली ती आपल्याच गावात. बाजारपेठेत, कापडाच्या दुकानांच्या रांगेत, एक दातवाले काका बसायचे. काचेच्या पेटीत गुलाबी कवळी ठेवलेली असायची आणि शाळेत जाता-येता आपण सगळे तिच्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करायचो. माझ्या आजीची कवळी त्यांनीच केली. मी तिच्याबरोबर तीन-चार वेळा गेले तेव्हा त्यांनी मला मेणाचा एक तुकडा आणि बोथट सुरी देऊन कोपऱ्यात बसवलं. ‘सुळा कोर,’ म्हणाले. मी कोरला तो गाजरासारखा दिसत होता. ते हसले नाहीत. स्वतःचा ओठ वर करून सुळा दाखवला आणि म्हणाले, आधी बघ, मग कोर. त्यांच्या भिंतीवर चौकटीत एक इंग्रजी कागद लावलेला होता. त्यावर नोंदणी क्रमांक होता आणि ‘भाग ब’ असं लिहिलेलं होतं. मला वाटलं, आपली जशी ‘ब’ तुकडी तसंच काहीतरी असणार. त्या ‘ब’चा अर्थ कळायला मला पस्तीस वर्षं लागली. त्याच्याकडे मी येणारच आहे.

आधी एक कबुली. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात डेंटल मेकॅनिक म्हणजे कवळ्या आणि दातांची उपकरणं बनवणारा किंवा दुरुस्त करणारा, एवढंच म्हटलं आहे. पेशंटच्या तोंडात हात घालणं आमच्या कामात येत नाही. पण खेड्यातून आलेली म्हातारी माणसं कायदा वाचून येत नाहीत. २०१६ साली एक आजी एसटीने चाळीस किलोमीटरवरून थेट लॅबवर आल्या. कवळी टोचते म्हणाल्या. डॉक्टरांचा दवाखाना त्या दिवशी बंद होता. मी कवळीची कड जरा घासून दिली. आजी खूश. महिन्याने परत आल्या, परत घासून दिली. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मात्र मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं आणि लगेच तुकडा काढून तपासायला पाठवला. आजी वर्षानुवर्षं मिसरी लावायच्या. ती जखम कवळीची नव्हतीच. ऑपरेशन झालं, त्यानंतर दोन वर्षं त्या होत्या. मला कोणी काही बोललं नाही. डॉक्टरही नाहीत, आजींचा मुलगाही नाही. पण मधले दोन महिने माझ्यामुळे गेले हे मला माहीत आहे. कवळी कुठे टोचते हे मला कवळीवरून कळत होतं, गालाच्या आत काय आहे ते कळत नव्हतं, कारण बघायला मी शिकलेच नव्हते.

‘तुला या वयात हे काय सुचलं’ या प्रश्नाला मी मेळाव्यात वेगवेगळी हसरी उत्तरं दिली. खरं उत्तर हे आहे.

त्या प्रसंगानंतर मी डेंटलला बसायचं मनात आणलं, आणि त्याच सुमारास दार बंद झालं. २०१७ च्या नीट परीक्षेच्या सूचनेत वयाची वरची मर्यादा छापून आली: सर्वसाधारण उमेदवारांना २५, राखीव प्रवर्गांना ३०. मी छत्तिसाची. सुप्रीम कोर्टाने त्या वर्षापुरती ती मर्यादा उठवली, तर २०१८ मध्ये ती नियमातच घालण्यात आली. मे २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती योग्य ठरवली. नोव्हेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पंचविशीवरच्यांना अंतिम निकालाच्या अधीन राहून परीक्षेला बसू दिलं. एवढ्या टांगत्या परवानगीवर लॅब सोडायची माझी हिंमत नव्हती. मग मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही मर्यादाच काढून टाकली. ती बातमी मी लॅबमध्ये, हाताला प्लास्टर लागलेलं असताना, मोबाइलवर नाकाने सरकवत वाचली. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘दात पडायच्या वयात दातांचं शिकणार का?’ दुसऱ्या दिवशी त्यांनीच शेजारणीला सांगितलं की आमची सून डॉक्टर होणार आहे. अजून फॉर्मही भरलेला नव्हता.

फिजिक्स हा माझा जन्मजात शत्रू. आपल्याच बॅचमधला, मागच्या बाकावर बसून वहीत विमानं काढणारा एकजण आता ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. (नाव छापायचं नाही असं त्याने बजावलं आहे.) दोन वर्षं दर रविवारी त्याने मला व्हिडिओ कॉलवर शिकवलं, एक रुपया घेतला नाही, आणि दर वेळी सुरुवातीला ‘बाई, गृहपाठ?’ असं विचारून सूड घेतला. १८० उत्तरं द्यायची, ७२० गुण. बायोलॉजीची ९०, फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी ४५. चुकलं की एक मार्क वजा. बायोलॉजी मी रात्री पाठ करायचे आणि फिजिक्सने डोकं बधिर झालं की दातांच्या इतिहासाचं एक जाड इंग्रजी पुस्तक उघडायचे. ते मला मी ज्यांचं काम करत असे त्या एका डॉक्टरांनी वाचायला दिलं होतं. इथून पुढचा लेख त्या चोरट्या वाचनातून आलेला आहे.

जगातलं पहिलं दातांचं कॉलेज १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरला निघालं. त्याआधी हे काम शिकायचं तर कोणा तरी जाणकाराच्या हाताखाली राहून, सुतारकी-सोनारकी शिकतात तसंच. कॉलेज काढणारे दोघे होते, होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस. हेडन तेव्हा सत्तर वर्षांचे होते. तरुणपणी त्यांनी जहाजावर पोऱ्याचं काम केलं होतं, नंतर सुतारकाम, घरं बांधणं. दातांकडे वळले ते त्यानंतर. पहिल्या वर्गात विद्यार्थी किती? पाच. पुढच्या वर्षी पदवी मिळाली दोघांना. ज्या पदवीसाठी आज आपल्याकडे लाखो मुलं रांगेत उभी राहतात, तिची सुरुवात एका सत्तर वर्षांच्या गृहस्थाने पाच मुलं घेऊन केली होती.

पण मला धरून ठेवलं ते ल्यूसी हॉब्सने. जन्म १८३३, न्यूयॉर्क राज्यात. शाळामास्तरीण. मिशिगनमध्ये दहा वर्षं तिने शाळेत शिकवलं आणि मग डॉक्टर व्हायचं म्हणून १८५९ साली सिनसिनाटीला आली. मेडिकल कॉलेजने बाई म्हणून नाकारलं. तिथल्या एका प्राध्यापकाने तिला खासगीत शिकवलं आणि सुचवलं की दातांकडे वळ. ओहायोच्या डेंटल कॉलेजचे प्रमुख जोनाथन टाफ्ट यांनी काही महिने तिला आपल्या दवाखान्यात शिकू दिलं, नंतर सॅम्युअल वॉर्डल नावाच्या दंतवैद्याने हाताखाली घेतलं. १८६१ मध्ये तिने त्याच ओहायो कॉलेजला अर्ज केला. अर्ज नामंजूर. म्हणजे ज्या कॉलेजचा प्रमुख तिला शिकवत होता, त्याच कॉलेजला ती विद्यार्थिनी म्हणून नको होती.

यावर तिने काय केलं? सरळ दवाखाना उघडला. त्या काळी पदवीशिवाय दातांचं काम करायला कायद्याची आडकाठी नव्हती. पुढे ती आयोवा राज्यात गेली, आधी बेलव्ह्यू, मग मॅक्ग्रेगर, आणि तिथे तिचा चांगला जम बसला. १८६५ च्या जुलैमध्ये आयोवाच्या दंतवैद्यांच्या संस्थेने तिला सभासद करून घेतलं आणि पुरुष सभासद तिच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओहायो कॉलेजने तिला प्रवेश दिला, तोही थेट वरच्या वर्गात. आधीच्या कामाचा अनुभव धरला गेला आणि २१ फेब्रुवारी १८६६ रोजी तिला पदवी मिळाली. दातांची पदवी घेणारी जगातली पहिली बाई. तेव्हा तिचं तेहतिसावं चालू होतं.

पुढच्या वर्षी तिने लग्न केलं, रेल्वेचे डबे रंगवणाऱ्या एका माजी सैनिकाशी. त्याला तिने स्वतः दातांचं काम शिकवलं आणि दोघांनी कॅन्सस राज्यात लॉरेन्सला मिळून दवाखाना चालवला. हे वाचून मी नवऱ्याला म्हटलं, बघा, नवरेसुद्धा शिकू शकतात. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहेत. म्हणाले, ‘मी इंजिनं उघडतो तेवढं पुरे.’

ल्यूसीची गोष्ट सांगताना लोक ‘पहिली बाई’ एवढंच सांगतात आणि ते बरोबरच आहे. माझी नजर मात्र दुसऱ्या गोष्टीवर अडली. अर्ज नाकारल्यापासून प्रवेशापर्यंत चार वर्षं गेली. आजच्या कागदपत्रांच्या भाषेत ही चार वर्षं म्हणजे ‘गॅप’. तिच्या कॉलेजने मात्र ती चार वर्षं शिक्षण म्हणून मोजली.

आयोवाचं नाव पुन्हा भेटलं ते आपल्याकडच्या इतिहासात, आणि मी खुर्चीत सरळ बसले. रफीउद्दीन अहमद नावाचा तरुण आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्य होऊन भारतात परतला आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज सुरू केलं. पैसा कुठून आणला? ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं त्यांचं आइस्क्रीमचं दुकान होतं, त्याच्या कमाईतून. दात किडवून मिळवलेला पैसा दात वाचवायला लावणारा असा दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही! पुढे १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्या कॉलेजच्या सुरुवातीच्या काळात तिथे शिकलेली एक विद्यार्थिनी म्हणजे फातिमा जिना. जन्म १८९३ चा, म्हणजे सत्ताविशीच्या आसपास ती दातांचं शिकायला कलकत्त्याला गेली. शिकून झाल्यावर १९२३ साली मुंबईत दवाखाना उघडला. भावाची बायको वारल्यावर, १९२९ च्या सुमारास, भावाचं घर सांभाळण्यासाठी तो बंद केला. पुढचं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. दवाखाना उघडला कोणत्या वयात याची नोंद लोक घेतात, पण तो बंद कशासाठी केला हे वाचताना आपल्या बॅचच्या कितीतरी मुली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मुंबईत डेंटल कॉलेज निघालं ते १९३३ मध्ये, नायरचं. तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं, गावोगावी दात काढणारे, बसवणारे होते ते कॉलेजचं तोंड न पाहिलेलेच.

आता भाग ‘ब’.

२९ मार्च १९४८ ला दंतवैद्यक कायदा आला. राज्याराज्यात दंतवैद्यांचं रजिस्टर ठेवायचं ठरलं आणि त्या रजिस्टरचे दोन भाग करण्यात आले. भाग ‘अ’मध्ये मान्यताप्राप्त पदवीवाले. भाग ‘ब’मध्ये ज्यांच्याकडे तशी पदवी नाही, पण निदान पाच वर्षं हाच ज्यांचा पोटापाण्याचा मुख्य धंदा आहे असे. सरकारपुढे तेव्हा अडचण होती. पदवीवाले मूठभर, तोंडं कोट्यवधी. रजिस्टर फक्त ‘अ’चं ठेवलं असतं तर तालुक्याच्या गावात दाढ दुखणाऱ्याने जायचं कुठे? आणि सगळ्यांनाच सरसकट घेतलं असतं तर रजिस्टर ठेवण्यात अर्थच उरला नसता. म्हणून एक बाजूचं दार ठेवलं, ते काही काळ उघडं ठेवलं आणि मग बंद केलं. जे आत आले ते आले. त्यानंतर दंतवैद्य व्हायचं तर कॉलेजातूनच.

हे वाचलं त्या रात्री बाजारपेठेतल्या काकांच्या भिंतीवरचा कागद माझ्या डोळ्यांपुढे जसाच्या तसा आला. म्हणजे ते काका कुठल्या कॉलेजात गेलेलेच नव्हते. आईला फोन केला. तिने सांगितलं, ते पुण्याला कोणा मामाच्या हाताखाली शिकले होते, आधी किराणा दुकानात होते. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त आपल्याला नव्हतं. गावाने त्यांना डॉक्टर म्हटलं आणि कायद्यानेही म्हटलं, फक्त ‘ब’ अक्षर लावून.

मला त्यांच्याबद्दल प्रेम आहे, तरी खरं ते लिहिते. बाजूचं दार बंद केलं हे बरोबरच केलं. मिसरीवाल्या आजींचा प्रसंग माझ्या हातून घडला नसता तर कदाचित मी इथे उलटं लिहिलं असतं, हाताला येणाऱ्या कामाची थोरवी गायली असती. हात कितीही तयार असला तरी तोंडाच्या आत काय चाललंय हे बघायला शिकावंच लागतं, आणि ते सुळा कोरून येत नाही. १९४८ च्या कायद्याने विचारलं, तुला येतं का, किती वर्षं करतोस, कुठे शिकलास. हे प्रश्न रास्त आहेत. २०१७ च्या सूचनेने फक्त जन्मतारीख विचारली. दोन्ही कुलपंच, पण मी दोन्हींना एक मानायला तयार नाही.

२०२३ ला पहिल्यांदा बसले. मार्क सांगत नाही. फिजिक्सवाल्या मित्राने दोन दिवस फोन केला नाही, यावरून समजून घ्या. २०२४ ला पुन्हा. ५ मे, दुपारचं ऊन, गेट दीड वाजता बंद. अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, पायात साध्या चपला, हातात पारदर्शक पाण्याची बाटली. गेटवरच्या माणसाने मला ‘पालकांनी बाहेर थांबा’ म्हणून तीनदा बाजूला काढलं. तिसऱ्यांदा मी हॉलतिकीट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, ‘मावशी, पेपर नीट लिवा.’ त्या वर्षीच्या परीक्षेचं पुढे जे काय झालं, पेपरफुटी, ग्रेस मार्क, कोर्टबाजी, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. फेरपरीक्षा होते की काय या धास्तीत आमचे जून-जुलै गेले. २३ जुलैला सुप्रीम कोर्टाने सरसकट फेरपरीक्षा नाही असं सांगितलं तेव्हा मी लॅबमध्येच खाली बसले.

मग कागदपत्रं. शाळा सोडल्याचा मूळ दाखला २०१९ च्या महापुरात गेला होता, लॅब आणि घर दोन्हीकडे पाणी होतं. त्यामुळे द्वितीय प्रतीसाठी आपल्या शाळेत आले. ऑफिस तसंच आहे, फक्त खिडकीला ग्रिल बसलंय. क्लार्क माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने कपाटातून जनरल रजिस्टर काढलं, तेच, कापडी पुठ्ठ्याचं, आणि बोटाने ओळी खाली सरकवत माझ्या नावावर येऊन थांबला. जन्मतारीख अंकी, अक्षरी. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली (संपादकांनी याची नोंद घ्यावी). शाळा सोडल्याचे कारण: एस. एस. सी. उत्तीर्ण. माझ्या वरची ओळ माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीची होती. तिच्या कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं होतं आणि तारीख नववीची होती. तिचं लग्न झालं होतं. सरांनी विचारलेला तिसरा प्रश्न, यात कोणाचं नाव नाही, तो मला तिथे उभ्या-उभ्या आठवला. तिचं नाव होतं. पुढच्या वर्षीच्या पानावर नव्हतं.

दुसरा कागद गॅप सर्टिफिकेटचा. शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर लिहून द्यायचं की अमुक सालापासून अमुक सालापर्यंत मी कुठेही शिकत नव्हते, कुठे प्रवेश घेतला नव्हता आणि कोणत्याही गैरप्रकारात नव्हते. कोर्टाबाहेर टाइप करून देणाऱ्या काकांचा मजकूर तयारच असतो, फक्त सालं भरायची. त्यांनी विचारलं, किती वर्षांचा गॅप? म्हटलं, तेवीस. त्यांना दोन-तीन ऐकू आलं. पुन्हा सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘या काळात काय करत होता?’ मी म्हटलं, दात करत होते. तसं लिहायला त्यांच्या मजकुरात जागा नव्हती.

पुढच्या फेरीत खासगी कॉलेजात बी.डी.एस. मिळालं. फीसाठी लॅबचा निम्मा हिस्सा माझ्या जुन्या मदतनीस मुलीला दिला, राहिलेल्यासाठी कर्ज. एका बँकेत कर्जाच्या अर्जावर ‘विद्यार्थ्याच्या आईचे नाव’ या जागी मी आईचं नाव लिहिलं तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, तुमचं लिहा ना!’ विद्यार्थी मीच आहे हे पटायला त्यांना मॅनेजरकडे जाऊन यावं लागलं. शेवटी कर्ज दुसऱ्या बँकेने दिलं.

चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, असा हिशोब आहे. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि दातांची रचना. वर्गातली मुलं मला आधी मॅडम म्हणायची, मग काकू, आता ताई. वय उतरत चाललंय. ॲनाटॉमीच्या पहिल्या तोंडी परीक्षेत मी सपशेल गप्प बसले. चेहऱ्याची नस कुठून निघून कुठे जाते ते पुस्तकात पाठ होतं, समोर दिसल्यावर ओळखता येईना. तेवीस वर्षं प्लास्टरचे जबडे बघितले, त्यांत नसा नसतात. त्या दिवशी होस्टेलच्या मुलींनी मला चहा पाजला आणि खडूने टेबलावर नस काढून शिकवली.

दातांच्या रचनेच्या प्रॅक्टिकलला मात्र मेणाची वडी आणि सुरी हातात दिली. वरचा पटाशीचा दात कोरायचा. सगळी वाकून मापं मोजत होती. माझा दात झाल्यावर सरांनी तो उचलला, उजेडाकडे धरून फिरवला आणि विचारलं, कुठे शिकलात? मी काकांचं नाव सांगितलं. त्यांना ते माहीत असण्याचं काही कारण नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे मेणाची दुसरी वडी सरकवली. ‘आता सुळा,’ म्हणाले.

प्रत्यक्ष पेशंटच्या तोंडात बघायला तिसरं वर्ष उजाडावं लागेल. तोवर मी सेहेचाळीस पूर्ण करीन. मेळाव्यात ज्यांनी ज्यांनी गाल धरून मला कोपऱ्यात नेऊन दाढ दाखवली त्या सर्वांना एवढीच विनंती, की आत्ता गावातल्या डॉक्टरांकडे जा, माझ्यासाठी थांबू नका. आणि मागच्या बाकावरच्या मास्तरांसाठी, तुमची पहिली कवळी माझ्याकडून फुकट. तोवर दात जपा, आणि तंबाखू सोडा.